पगाराचा दिवस आणि उधारीचे दिवस : मुंबईतील गिरणी कामगारांचा दैनंदिन खर्च व कर्जफेड (१९२१–१९३७)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कर्जबाजारीपणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने शेतकऱ्याच्या संदर्भात लिहिला गेला आहे. १८७५ चे दख्खनचे दंगे, १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, सावकारांच्या वह्या आणि गहाणखते हा आपल्या अभ्यासकांच्या परिचयाचा विषय आहे. तथापि हाच शेतकरी किंवा त्याचा धाकटा भाऊ रत्नागिरी, सातारा अथवा पुणे जिल्ह्यातून मुंबईस येऊन गिरणीत लागला म्हणजे त्याच्या कर्जाचे स्वरूप कसे बदलले, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. शेतकऱ्याचे कर्ज पावसाच्या आणि पिकाच्या चक्राशी बांधलेले होते, तर कामगाराचे कर्ज पगाराच्या तारखेशी. हा फरक वरवर लहान वाटला तरी कामगाराच्या घरातील रोजच्या खर्चाची घडी त्यानेच ठरविली.

गिरणी कामगार कर्जबाजारी का होता, या प्रश्नाला तत्कालीन मालकवर्गाकडून व शासकीय अधिकाऱ्यांकडून साधारणपणे एकच उत्तर मिळत असे : लग्नकार्यातील उधळपट्टी, व्यसने आणि काटकसरीचा अभाव. उपलब्ध आकडेवारी दैनंदिन खर्चाच्या अंगाने पुन्हा वाचली असता हे उत्तर अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कामगाराच्या घरात काटकसर नव्हती असे नसून, त्या काटकसरीचे फळ घरात राहूच नये अशी पगाराची आणि व्याजाची रचना होती.

साधने आणि त्यांची मर्यादा

१९२१ साली मुंबई सरकारने मजूर कार्यालयाची स्थापना केली. या कार्यालयाचे संचालक जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली व तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहणीत २,४७३ कुटुंबांचे जमाखर्च अभ्यासण्यात आले. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै एवढी आढळली. खर्चाची विभागणी अशी होती : अन्न ५६.८ टक्के, जळण व दिवाबत्ती ७.४ टक्के, कपडेलत्ते ९.६ टक्के, घरभाडे ७.७ टक्के आणि किरकोळ खर्च १८.५ टक्के. सुमारे ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी असून त्यांचे कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीइतके होते. याच अहवालाने कामगाराच्या आहाराची तुलना दुष्काळी संहितेतील शिध्याशी आणि तुरुंगातील शिध्याशी केली. कामगाराच्या वाट्यास येणारे धान्य दुष्काळी संहितेने मान्य केलेल्या कमाल शिध्याइतके, परंतु मुंबईच्या तुरुंगात कैद्यास मिळणाऱ्या धान्यापेक्षा कमी असल्याचे त्यात नमूद आहे.

दुसरी पाहणी १९३२-३३ मध्ये झाली. याशिवाय जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाचा १९३१ चा अहवाल हे तिसरे महत्त्वाचे साधन होय. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते.

या साधनांची एक मर्यादा प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे. पाहणी करणाऱ्यांनी महिना हे एकक मानले. महिन्याची मिळकत एका बाजूस आणि महिन्याचा खर्च दुसऱ्या बाजूस मांडला म्हणजे कुटुंबाची स्थिती कळते, असे त्यात गृहीत होते. परंतु चूल महिन्यातून एकदा पेटत नाही. हाती पैसा नसलेल्या दिवशीही तांदूळ, तेल आणि लाकूडफाटा लागतोच. पैसा येण्याचा दिवस आणि पैसा लागण्याचे दिवस यांतील हे अंतर मासिक सरासरीत दिसत नाही. म्हणून या आकड्यांचे वाचन पगाराच्या तारखेपासून सुरू करणे उचित ठरेल.

पगाराची तारीख

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने होत असे आणि तोही महिना संपताच हाती पडत नसे. पुढील महिन्याचे दहा ते पंधरा दिवस उलटल्यावर मागील महिन्याचा पगार मिळे. अहमदाबादेत मात्र ‘हप्ता’ पद्धतीने साधारण पंधरवड्याच्या अंतराने वेतन देण्याचा प्रघात होता. मुंबईतील विलंब हा कामगारांच्या तक्रारीचा जुना विषय होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ च्या सप्टेंबरात भरलेल्या सभांत जे मागणीपत्र संमत झाले व ज्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या, त्यात रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती, कामाचे तास आणि अपघाताची भरपाई यांच्या जोडीने पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, ही मागणी होती. महिना संपताच पगार मिळावा असेही कामगार मागत नव्हते. १५ तारीख तरी चुकू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. पगार त्याहून लांबत असल्याचाच हा पुरावा मानावा लागेल.

याचा व्यावहारिक अर्थ असा. एखादा तरुण कोकणातून येऊन १ जानेवारीस कामास लागला, तर त्याचा पहिला पगार फेब्रुवारीच्या मध्यास हाती येई. मधले सहा आठवडे त्याने खायचे काय? गाववाल्यांच्या खोलीत आसरा, खानावळीत उधारीने जेवण आणि जॉबरकडून किंवा सावकाराकडून हातउसने घेतलेले चार पैसे, हाच त्याचा आधार असे. म्हणजेच कोणतेही लग्नकार्य अथवा व्यसन नसताना, केवळ कामाला लागल्यामुळेच तो कर्जदार होत असे. पहिला पगार झाला की त्यातील मोठा भाग मागील देणी फेडण्यात जाई आणि उरलेल्या पैशांत पुढचा महिना निघत नसल्याने पुन्हा उधारी सुरू होई. कामगार सदैव मागील महिन्याचे अन्न चालू महिन्याच्या पगारातून फेडीत असे.

शिवाय पगाराचा आकडाही निश्चित नव्हता. दंड, गैरहजेरीची कपात आणि विणकरांच्या बाबतीत खराब ठरविलेले कापड त्यांच्याच माथी मारून त्याची किंमत वळती करण्याची पद्धत यांमुळे हाती नेमके किती पडतील याचा अंदाज बांधणे कठीण असे. बदली कामगाराची स्थिती याहून बिकट होती. त्याने पहाटे गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि काम मिळाले तर त्या दिवसाची मजुरी, न मिळाले तर रिकाम्या हाताने परत, असा क्रम होता.

एका आण्याचे व्याज

१९२१-२२ च्या पाहणीत आढळलेला व्याजाचा नेहमीचा दर रुपयामागे दरमहा एक आणा असा होता. बोलण्यात हा दर फार वाटत नाही. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. परंतु वर्षाच्या हिशोबाने हाच दर ७५ टक्के होतो. हा दर कामगाराच्या घरात काय करीत असे हे पाहण्यासाठी पाहणीतील सरासरी आकडेच घेऊन एक अजमास मांडता येईल. प्रत्यक्षात प्रत्येक कर्जाचा दर हाच नव्हता आणि सरासरी कुटुंब ही कल्पनाच आहे, याचे भान ठेवून पुढील मांडणी वाचावी.

अडीच महिन्यांची मिळकत म्हणजे सुमारे १३० रुपये कर्ज झाले. त्यावर दरमहा १३० आणे, म्हणजे ८ रुपये २ आणे व्याज होते. सर्व मिळकत खर्च होते असे धरून वरील टक्केवारी लावली असता घरभाड्यास सुमारे ४ रुपये, जळण व दिवाबत्तीस ३ रुपये १४ आणे, कपड्यांस ५ रुपये, अन्नास २९ रुपये ११ आणे आणि किरकोळ खर्चास ९ रुपये ११ आणे येतात. केवळ व्याजाची रक्कम खोलीभाड्याच्या दुप्पट भरते. ती दिल्याने मुद्दलातील एक पैही कमी होत नाही. व्याज थकले आणि मुद्दलात मिळविले गेले, तर वर्षभरात कर्ज दुपटीहून अधिक होते.

आता या कुटुंबाने दरमहा १० रुपये फेडण्याचा निश्चय केला असे समजू. पहिल्या महिन्यात त्यातील १ रुपया १४ आणे एवढेच मुद्दलात जमा होतील. वर्षभरात १२० रुपये देऊनही सुमारे ९८ रुपये कर्ज शिल्लक राहील. संपूर्ण फेडीस सुमारे २८ महिने लागतील आणि १३० रुपयांपोटी सुमारे २७६ रुपये द्यावे लागतील. या २८ महिन्यांत आजारपण, बाळंतपण, बेकारी किंवा संप यांपैकी काहीही येता कामा नये. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला होता. त्या काळातील कोणत्याही कुटुंबास सलग २८ निर्वेध महिने लाभणे किती दुर्मिळ होते, हे यावरून कळते.

हे १० रुपये आणायचे कोठून? भाडे कमी होत नाही आणि एका खोलीहून लहान जागा मिळत नाही. जळणाशिवाय अन्न शिजत नाही. किरकोळ खर्चाचा संपूर्ण भाग या एका हप्त्यात संपतो. या ‘किरकोळ’ सदरात गावी पाठवायचे पैसे, औषधपाणी, न्हावी, साबण, पान-तंबाखू, गावी जाण्यायेण्याचे भाडे हे सर्व येत होते आणि कर्जावरील व्याजाचा समावेशही याच सदरात करण्यात आला होता. गावी म्हातारे आईबाप मनीऑर्डरीची वाट पाहत असताना ती रक्कम बंद करणे म्हणजे गावच्या घराशी आणि जमिनीशी असलेला संबंध तोडणेच होते. तेव्हा उरते ते अन्न. अन्नावर रोज एक रुपयाहून किंचित कमी खर्च होत होता. १० रुपयांचा हप्ता संपूर्णपणे त्यातून काढायचा तर रोज ५ आणे ४ पै, म्हणजे अन्नखर्चाचा एक-तृतीयांश भाग वाचवावा लागेल. ज्या ताटातील धान्य मुळातच कैद्याच्या शिध्याहून कमी होते, त्या ताटातून हा तिसरा हिस्सा काढायचा होता. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी हा हिशोब मांडून पाहिल्याचे दिसत नाही.

वाणी, खानावळ आणि भिशी

मग ही कुटुंबे दिवस कसे काढीत? दैनंदिन खर्चाचा खरा आधार चाळीच्या तळमजल्यावरील वाण्याचे दुकान होते. तेथे कुटुंबाचे खाते असे आणि तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, तेल लागेल तसे थोडे थोडे आणले जाई. या फुटकळ खरेदीत घाऊक खरेदीची स्वस्ताई मिळत नसे आणि उधारीच्या गिऱ्हाइकास वाणी बदलण्याची मोकळीक नसे. उधारीवर उघड व्याज नसले तरी भावात आणि मापात ते वसूल होऊ शके. तरीही वाण्याशी संबंध टिकविणे ही घरातील सर्वांत मोठी काळजी असे, कारण संपाच्या दिवसांत पोट त्याच्याच वहीवर चाले. गिरणगावातील संप दीर्घकाळ टिकण्यामागे वाण्याच्या उधारीचा किती वाटा होता, हे राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गावरील आपल्या ग्रंथात (१९९४) दाखवून दिले आहे.

त्यामुळे पगाराच्या दिवशी देण्यांचा क्रम ठरविणे हेच घरच्या अंदाजपत्रकाचे मुख्य काम होते. वाण्याचे खाते पुरते फेडले तर सावकाराचे व्याज थकते. सावकारास दिले तर वाणी हात आखडतो. गिरणीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या पठाण सावकाराचे व्याज बहुधा आधी जाई, कारण त्याची वसुली न्यायालयाऐवजी धाकावर चालत होती आणि त्याच्या हातातील काठीची दखल शाही आयोगानेही घेतली. वाण्यास काही रक्कम देऊन खाते चालू ठेवले जाई. हा मेळ घालण्याची जबाबदारी बहुतांश घरांत स्त्रीवर असे. अहवालात तिची नोंद ‘मिळविती’ किंवा ‘अवलंबित’ अशी होते. घरखर्चाची व्यवस्थापक म्हणून होत नाही. अंगावरचा दागिना वा तांब्या-पितळेची भांडी ही तिची बचत होती. ती गहाण ठेवणे व जमेल तेव्हा सोडवून आणणे हाही दैनंदिन अर्थव्यवहाराचाच भाग होता.

एकट्या राहणाऱ्या पुरुषांसाठी खानावळी होत्या. त्या चालविणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी कामगार कुटुंबांतील होत्या. जेवणारा महिनाभर जेवे आणि पगार झाल्यावर पैसे देई. तोपर्यंत खानावळवालीस स्वतः वाण्याकडून उधार घ्यावे लागे. म्हणजे गिरणीमालक सहा आठवडे वेतन रोखून धरीत असे आणि त्या विलंबाचा भार कामगार, खानावळवाली व वाणी अशा साखळीने वाहिला जात असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळवाल्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा या जुन्या साखळीचा एक दुवा प्रथमच सुटला.

व्याजाच्या बाहेर राहून मोठी रक्कम उभी करण्याचा लोकांनी शोधलेला मार्ग म्हणजे भिशी. बाराजणांनी दरमहा दोन रुपये काढले तर दरमहा एकाच्या हाती २४ रुपये येतात आणि त्यावर सावकारास एक पैही द्यावी लागत नाही. भिशी टिके ती परस्परांच्या ओळखीवर आणि शब्दावर. जो वर्ग बचत करीत नाही असे म्हटले जात होते, त्यानेच बचतीची ही शिस्त स्वतःवर लादून घेतली होती, हे विसरता येत नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर शहरातील कामगारांसाठी पतसंस्थांचेही प्रयोग झाले. परंतु जुने कर्ज फिटल्याशिवाय नवी बचत होत नाही आणि बचत असल्याशिवाय पत मिळत नाही, ही अडचण त्यांच्याही वाटेत होती.

स्वस्ताईतील कर्ज

उधळपट्टीच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा १९३२-३३ च्या पाहणीत होते. जागतिक मंदीमुळे धान्याचे भाव बरेच उतरले होते. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत सुमारे ५० रुपये, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या मानाने थोडीच कमी होती आणि अन्नावरील खर्चाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते. सरासरी खर्च मिळकतीहून कमी भरत होता. कागदावर ही स्थिती सुधारल्याची चिन्हे होत. तथापि कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश आढळले. शाही आयोगानेही १९३१ मध्ये, बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कामगार कर्जात असून बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक असल्याचे मत नोंदविले होते.

दोन्ही पाहण्यांसाठी निवडलेली कुटुंबे भिन्न असल्याने आकड्यांची सरळ तुलना जपूनच करावी लागते. तरीही स्वस्ताईत कर्ज घटलेले दिसत नाही, एवढे निश्चित म्हणता येते. याची संगती काटकसरीच्या अभावाने लागत नाही. १९२८ व १९२९ च्या संपांतील दीर्घ बेकारी आणि त्यानंतरची कामगारकपात या काळात साचलेले देणे पुढील वर्षांत वाहिले गेले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. धान्य स्वस्त झाले तरी जुन्या कर्जाचा आकडा आणि त्यावरील आणा स्वस्त होत नाही. सरासरीतील शिल्लक कुटुंबाच्या गाठीस राहत नव्हती, ती मागील देण्याकडे जात होती, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

कायद्याचा हस्तक्षेप

शाही आयोगाने लग्नादी समारंभांवरील खर्चास दोष दिला असला, तरी त्याच्या शिफारशी अधिक मूलगामी होत्या. वेतन कमी अंतराने द्यावे, कामगाराचे वेतन जप्तीपासून मुक्त असावे, कर्जासाठी त्यास कैद होऊ नये आणि वसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी ठाण मांडणे हा दखलपात्र गुन्हा मानावा, असे आयोगाने सुचविले. यांतून १९३६ चा वेतनप्रदान कायदा आला. हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांनी वेतनकाळ संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत व इतरांनी दहाव्या दिवसाच्या आत पगार द्यावा, असे बंधन घालण्यात आले. दंड व कपातींवर मर्यादा आली. १९३७ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन दरमहा पहिल्या १०० रुपयांपर्यंतचे वेतन जप्तीतून वगळले गेले. मध्यप्रांतात १९३६ साली औद्योगिक कामगारांच्या कर्जाची तडजोड व निरसन करण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. कामगाराची कुवत पाहून देणे ठरवावे व ते ठराविक मुदतीत फेडले जावे, हे त्याचे सूत्र होते. एम्प्रेस मिलच्या नागपुरास तो लागू होता. मुंबईत सावकारीच्या नियमनाचा कायदा होण्यास मात्र १९४६ साल उजाडले.

या कायद्यांनी सावकारी संपली नाही, कारण अधिक जलद कर्ज देणारी दुसरी व्यवस्था उभी राहिली नव्हती. तरीही पगाराची तारीख कायद्याने बांधली गेली हे महत्त्वाचे आहे. लोखंडे यांच्या १८८४ च्या मागणीस ५२ वर्षांनंतर कायद्याचे रूप आले आणि पगारातील विलंब हेही कर्जाचे कारण असल्याचे राज्यसंस्थेने अप्रत्यक्षपणे मान्य केले.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, गिरणी कामगाराचे कर्ज बऱ्याच अंशी वेतनाच्या विलंबातून जन्माला येत होते. अपवादात्मक खर्चांनी ते वाढत होते. दुसरी, रुपयास एक आणा या दराने कर्जफेड करायची तर तिचा भार अखेरीस रोजच्या अन्नावरच पडत होता. तिसरी, वाण्याचे खाते, गहाण पडलेली भांडी आणि भिशी यांच्या आधारे चालणारा घरचा जमाखर्च हा बेशिस्तीचा पुरावा नसून अत्यंत अपुऱ्या साधनांच्या काटेकोर नियोजनाचा पुरावा आहे.

सरासरीच्या तक्त्यात हे नियोजन दिसत नाही. ते दिसण्यासाठी अभ्यासकास महिन्याच्या बेरजेतून दिवसाच्या खर्चाकडे यावे लागते. आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांनी हा जमाखर्च स्वतः सांभाळला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले. जुन्या चाळीही एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्यासोबत वाण्यांच्या वह्या, भिशीच्या याद्या, मनीऑर्डरीच्या पावत्या नाहीशा होत आहेत. कामगार कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी नोंदविण्याचे आणि असे कागद जमविण्याचे काम इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी मिळून हाती घेतल्यास, अहवालांनी ज्यांना केवळ ‘अवलंबित’ म्हटले त्यांच्या हिशोबाची बाजू इतिहासात येऊ शकेल.